रुग्णशय्येजवळचा विवेक



चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत. वैद्य, औषध, परिचारक आणि रुग्ण. चौघांपैकी एक जरी दुबळा पडला तरी चिकित्सा लंगडी होते, हा त्या मांडणीचा आशय. प्रत्येक पादाचे चार गुण तेथे दिले आहेत. परिचारकाचे गुण असे: उपचारज्ञता, दाक्ष्य, अनुराग आणि शौच. हा क्रम मुद्दाम पाहण्याजोगा आहे. रुग्णाविषयीचा जिव्हाळा तिसऱ्या स्थानी आहे. सर्वांत आधी येते ते ज्ञान.

दरवर्षी १२ मे रोजी, फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या जन्मदिनी, परिचारिकांचा गौरव होतो. भाषणांतून त्याग, ममता, मातृहृदय हे शब्द येतात. ते खोटे नाहीत. पण अपुरे आहेत. जिव्हाळ्याचे कौतुक करताना तिच्या बुद्धीची आठवण कोणाला राहत नाही. स्वतः नाइटिंगेल यांनी १८५९ च्या आपल्या पुस्तकात निरीक्षणावर मोठा भर दिला. रुग्णाच्या अवस्थेत पडलेला फरक वेळीच ओळखणे, त्याचा अर्थ लावणे आणि त्यानुसार हालचाल करणे, हेच परिचर्येचे मर्म आहे. अमेरिकेतील परिचर्याशास्त्राच्या अभ्यासक क्रिस्टीन टॅनर यांनी २००६ साली हीच प्रक्रिया चार टप्प्यांत मांडली: लक्षात येणे, अर्थ लावणे, कृती करणे आणि केलेल्या कृतीकडे पुन्हा वळून पाहणे. आपल्याकडे याला एकच सुंदर शब्द आहे, विवेक. काय महत्त्वाचे आणि काय नाही, हे वेगळे करण्याची शक्ती.

या विवेकाची कसोटी बीड जिल्ह्यात जितकी लागते तितकी क्वचितच कोठे लागत असेल. अंबाजोगाईला १९७४ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. आशियातील पहिले ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय अशी त्याची ओळख सांगितली जाते, आणि त्याला नाव आहे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे सेनानी स्वामी रामानंद तीर्थ यांचे. तरीही जिल्हा मोठा आहे. बालाघाटच्या डोंगररांगांनी तुटलेल्या अकरा तालुक्यांत एका टोकाला परळी-अंबाजोगाई, दुसऱ्या टोकाला आष्टी. आष्टीच्या माणसाला अंबाजोगाईपेक्षा अहिल्यानगर जवळ पडते. त्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास लाखो माणसे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या कारखान्यांवर निघून जातात, ती उन्हाळा लागता परततात. रुग्ण उपकेंद्राच्या नोंदवहीत एका गावचा आणि प्रत्यक्षात दुसऱ्या जिल्ह्यातल्या फडात, अशी ही स्थिती. येथे दवाखान्यात येणारा माणूस बहुधा उशिरा आलेला असतो. आणि उशिरा आलेल्या माणसाजवळ चुकीला फारशी जागा शिल्लक नसते.

प्रसूतिकक्षातले नेहमीचे उदाहरण घेऊ. बाळंतपण सुखरूप झाले, बाळ रडले, वार पडली. नातेवाईक पेढ्यांच्या मागे लागले. तासाभराने सासू दारात येऊन म्हणते, "सिस्टर, पोरगी कशी तरीच करायलीय." रक्तदाब पाहिला तर ११०/७०. आकडा चांगला आहे. अनुभव नसलेली परिचारिका तेथे थांबते आणि "काही नाही आजी, दमली आहे ती" असे सांगून मोकळी होते. जाणती परिचारिका मनगट धरते. नाडी मघा ८८ होती, आता ११८ आहे. पोटावर हात ठेवते. गर्भाशय कडक गोळ्यासारखे लागायला हवे, ते मऊ लागते. अंगाखालचे कापड उचलून पाहते.

येथे शरीराचा एक नियम ठाऊक असावा लागतो. तरुण स्त्रीचे शरीर रक्त जाऊ लागले की नाडी वाढवून आणि रक्तवाहिन्या आवळून रक्तदाब सावरून धरते. तो घसरतो तेव्हा बराच उशीर झालेला असतो. म्हणून नाडीचा आकडा वरच्या रक्तदाबाच्या आकड्याला गाठू लागला किंवा ओलांडून गेला, की धोक्याची घंटा वाजलीच असे समजावे. ११० आणि ११८. दोन्ही आकडे केसपेपरवर शेजारी शेजारी लिहिलेले असतात. ते एकमेकांशी ताडून पाहणारी दृष्टी मात्र कागदावर नसते.

महाराष्ट्रात १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी असल्याचे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आढळले. पहाटे चारला उठून स्वयंपाक, मग दिवसभर मोळ्या बांधणे आणि वाहणे, हे जिचे गरोदरपण, तिच्या अंगात आधीच रक्त थोडे. सुदृढ बाईला जे ५०० मिलिलिटर सोसते ते हिला सोसेलच असे नाही. पुस्तकातली मर्यादा सरासरी बाईसाठी असते, समोरची बाई सरासरी नसते. हिचे हिमोग्लोबिन आधी किती होते, हे ज्या परिचारिकेला ठाऊक आहे तिचाच निर्णय वेळेत होतो.

रक्त किती गेले याचा अंदाज नजरेने घेणे फसवे असते. तो जवळजवळ नेहमी कमी निघतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया या देशांतील ८० रुग्णालयांमध्ये अगदी साधा बदल केला गेला. बाळंतिणीखाली मापाच्या खुणा असलेली प्लास्टिकची पिशवी ठेवायची, रक्त प्रत्यक्ष मोजायचे आणि ठरावीक खुणेपर्यंत पोचताच गर्भाशय चोळणे, ऑक्सिटोसिन, ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, सलाईन आणि तपासणी हे सारे एकामागून एक वाट न पाहता, एकत्रच सुरू करायचे. गंभीर रक्तस्राव, त्यापायी करावी लागणारी शस्त्रक्रिया आणि मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण त्यामुळे ६० टक्क्यांनी घटले. नवे औषध नाही, महागडे यंत्र नाही. दोन लाखांहून अधिक प्रसूतींमधून हे सिद्ध झाले. ज्या देशांकडून आपण काही शिकावे असे आपल्या मनातही येत नाही, तेथून हा धडा आला आहे. तो घेण्यात कमीपणा कसला?

आता दुसरी बाजू. सुश्रुताचार्यांनी परिचारकाची लक्षणे सांगताना, त्याने वैद्याचे वचन पाळावे असे म्हटले आहे. आणि रुग्णाच्या रक्षणात तो तत्पर असावा असेही म्हटले आहे. बहुतेक वेळा या दोन्ही गोष्टी एकच असतात. कधी कधी त्या एकमेकींसमोर उभ्या राहतात.

गरोदरपणात रक्तदाब वाढून झटके येतात तेव्हा मॅग्नेशियम सल्फेट हे प्राणदायी औषध आहे. झटके येण्यापूर्वीच ते दिले तर त्यांचा धोका सुमारे निम्म्यावर येतो, हे २००२ च्या जागतिक अभ्यासाने दाखवून दिले. डॉक्टर केसपेपरवर लिहितात: दर चार तासांनी ५ ग्रॅम. रात्री दोनची वेळ होते, परिचारिका सुई भरते. आज्ञा स्पष्ट आहे. तरीही सुई टोचण्याआधी तिने तीन गोष्टी पाहायच्या असतात. गुडघ्यावर टिचकी मारली तर पाय उडतो का? मिनिटाला श्वास १६ किंवा त्याहून अधिक आहेत का? गेल्या चार तासांत लघवी निदान १०० मिलिलिटर झाली का? हे औषध मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. लघवी कमी झाली तर ते अंगात साठते. साठले की आधी गुडघ्याची प्रतिक्रिया जाते आणि त्यानंतर श्वास मंदावतो. गुडघा हा येथे पहारेकरी आहे. तो झोपला असेल तर पुढचा डोस रोखायचा, डॉक्टरांना कळवायचे आणि कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशी ठेवायचे.

डोस रोखणारी ही परिचारिका आज्ञाभंग करते काय? मुळीच नाही. ज्या हेतूने डॉक्टरांनी ते औषध लिहिले तो हेतूच ती राखते. पण यासाठी दोन गोष्टी लागतात. तिला हे शास्त्र शिकवलेले असावे आणि तिने डोस रोखला म्हणून सकाळी सर्वांसमोर तिला बोलणी खावी लागू नयेत. पहिली गोष्ट अभ्यासक्रमात आहे. दुसरी कोणत्याही अभ्यासक्रमात नसते. ती रुग्णालयाच्या वातावरणात असते किंवा नसते.

श्वास मोजण्याविषयी येथेच एक गोष्ट सांगायला हवी, कारण सर्वाधिक हेळसांड त्याचीच होते. तापमान यंत्र दाखवते, रक्तदाब यंत्र दाखवते, बोटाला लावलेली चिमटी ऑक्सिजन दाखवते. श्वास मात्र घड्याळ पाहून पूर्ण एक मिनिट माणसानेच मोजावे लागतात. मग तक्त्यावर ओळीने १८, १८, २०, १८ असे उतरत जाते. वॉर्डातल्या सगळ्या रुग्णांचा श्वास एकाच लयीत चालतो, असा चमत्कार कोठे घडत असेल तर तो तक्त्यावरच. वास्तविक प्रकृती ढासळण्याची पहिली चाहूल अनेकदा श्वासाच्या गतीतच लागते. ब्रिटनमध्ये २०१२ पासून राष्ट्रीय पातळीवर वापरात आलेल्या पूर्वसूचना गुणपद्धतीत श्वासगतीचा समावेश आहे, तो यासाठीच.

फडावरचा एक प्रसंग डोळ्यांसमोर आणावा. कोपीत जमिनीवर झोपलेला तिशीतला माणूस पहाटे पोट दुखते म्हणून उठतो. उलटी होते. जवळच्या आरोग्य केंद्रात आणतात. अंगावर जखम नाही, सूज नाही, कोणी काही पाहिलेले नाही. अपचन म्हणून गोळी देऊन परत पाठवावे असेच हे चित्र. पण परिचारिकेला तो नीट पाहत नाही असे वाटते. पापण्या जड दिसतात. ती विचारते, "दादा, रात्री कुठं झोपला होता? बाजेवर की खाली?" मग एका श्वासात आकडे मोजायला सांगते. तो सात-आठवरच थांबतो.

मण्यारीचा दंश असाच असतो. रात्री, झोपेत, वेदना जवळपास नाही आणि पुष्कळदा खूणही नाही. विष मज्जातंतूंवर चढते. आधी पापण्या, मग गिळणे, मग श्वास. तज्ज्ञ येईपर्यंत एक-दोन तास हातात असतात, कधी तेवढेही नसतात. आपल्याकडचे सर्पदंशावरील औषध नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर चालते. पण श्वास थांबू लागला तर तो कृत्रिमरीत्या चालू ठेवणे हाच खरा आधार असतो. म्हणून १०८ ला फोन करतानाच श्वासाला आधार देण्याची सोय असलेली गाडी हवी, हे सांगणे महत्त्वाचे ठरते. आणि आणखी एक गोष्ट, जी पुस्तकात असते पण पुष्कळदा आठवत नाही. असा रुग्ण हलू शकत नाही, डोळे उघडू शकत नाही, पण त्याला ऐकू येत असते. "आता काही खरं नाही" असे त्याच्या उशाशी बोलू नये.

येथवर एका क्षणी घ्यायच्या निर्णयांविषयी झाले. बीड जिल्ह्याने देशाला दाखवलेली जखम मात्र वेगळी आहे. तिला घाई नव्हती. ती वर्षानुवर्षे, शांतपणे होत गेली.

ऊसतोड मजूर स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली ऐरणीवर आला. विधान परिषदेच्या उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य शासनाने समिती नेमली. जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या सर्वेक्षणात १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. म्हणजे दर सहा जणींमागे एक. २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात देशभरात हे प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास होते. वयोगटांची तुलना तंतोतंत जुळत नाही हे मान्य केले, तरी अंतर झाकत नाही.

याच्या मुळाशी दारिद्र्य आहे. उचल घेतलेली असते, एका दिवसाचा खाडा पडला तरी पैसे कापले जातात, फडावर शौचालय नाही, पाळीच्या दिवसांत कापड धुवायला पाणी नाही. अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे, अनियमित रक्तस्राव, हे त्रास त्यातूनच वाढतात. पुष्कळशा तक्रारी जंतुसंसर्गाच्या आणि औषधांनी बऱ्या होण्याजोग्या असतात. पण "पिशवी खराब झाली, कॅन्सर होईल" हे एक वाक्य कानी पडले की पोटात गोळा उठतो. आणि दोन-तीन लेकरे झालेली तिशीतली बाई कर्ज काढून टेबलावर जाऊन झोपते.

या प्रत्येक शस्त्रक्रियेच्या आधी कोणीतरी तिचा केसपेपर तयार केला, कोणीतरी रक्तदाब घेतला, कोणीतरी अंगठा उमटवून घेतला. ते हात बहुधा परिचारिकेचे होते. निर्णय तिचा नव्हता, आणि लहान खासगी दवाखान्यात अल्प पगारावर काम करणाऱ्या, पुष्कळदा पुरते प्रशिक्षणही न मिळालेल्या मुलीकडे बोट दाखवणे अन्यायाचे होईल. परंतु ज्या जागी प्रश्न विचारला जाऊ शकत होता ती जागा तीच होती. ताई, गर्भाशयाच्या मुखाची तपासणी झाली का? औषधे किती दिवस घेतली? काढल्यावर काय होते हे कोणी सांगितले का? बीजकोशही काढले तर लहान वयातच हाडे ठिसूळ होऊ लागतात, हे ठाऊक आहे का? संमतिपत्रावरची सही ही संमती नव्हे. समजून दिलेला होकार ही संमती, आणि समजावणे हे कागदाचे काम नाही.

त्यानंतर काही गोष्टी झाल्या. २०१९ मध्येच बीड जिल्ह्यात अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी आवश्यक करण्यात आली. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्याच्या केंद्रीय मार्गदर्शक सूचना तीन महिन्यांत लागू कराव्यात, असे राज्यांना बजावले. परवानगीचा कागद हवाच. तरीही तो कागद दवाखान्यात पोचण्याच्या कितीतरी आधी ती बाई उपकेंद्रातल्या सिस्टरकडे किंवा आशाताईकडे लाजत, पदर सावरत काहीतरी बोललेली असते. त्या बोलण्याचे तिथे काय होते, यावर पुढचे बरेचसे ठरते.

विवेकाची एवढी अपेक्षा करताना संख्येकडे डोळेझाक करणे हा दांभिकपणा होईल. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषाप्रमाणे शिक्षण-रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका असावी. रात्रपाळीत प्रत्यक्षात काय असते ते येथे बसलेल्या भगिनी जाणतात. लिंडा आयकन यांच्या २००२ च्या प्रसिद्ध अभ्यासात असे आढळले की, शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या बाबतीत परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की तीस दिवसांतील मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते. जे लक्ष एकीवर द्यायचे ते चाळिसांत वाटले तर तो विवेक कितीही थोर असला तरी पुरा पडत नाही. पदे रिकामी ठेवायची आणि दुर्घटना घडली की रात्रपाळीच्या परिचारिकेला निलंबित करायचे, ही रीत सोपी आहे. त्यातून पुढचा रुग्ण मात्र सुरक्षित होत नाही. उलट घडलेली लहान चूक लपवण्याकडे कल वाढतो, आणि लपवलेली लहान चूकच उद्या मोठी होऊन समोर येते.

जे हाताशी आहे त्यात काय करता येईल? दोन गोष्टी विनाखर्चाच्या आहेत. एक म्हणजे पाळी बदलताना रुग्णाजवळ उभे राहून दिलेला ताबा. टेबलाशी बसून, पर्स आवरता आवरता "सगळे स्टेबल" असे सांगणे म्हणजे ताबा नव्हे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील अरुणा शानबाग यांची आठवण येथे होते. नोव्हेंबर १९७३ मधील हल्ल्यानंतर मे २०१५ मधील निधनापर्यंत त्या अंथरुणावर होत्या. इतक्या वर्षांत त्यांना शय्याव्रण झाला नाही, याची नोंद २०११ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात आहे. माया तर त्यामागे होतीच. पण नुसत्या मायेने कातडी शाबूत राहत नाही. दिवसाच्या तिन्ही पाळ्यांत, पिढ्या बदलल्या तरी, कूस कधी बदलली, त्वचा कोठे लाल दिसली, हे एका हातातून दुसऱ्या हातात न तुटता जात राहिले.

दुसरी गोष्ट म्हणजे मध्यरात्रीचा फोन. "सर, सात नंबरची पेशंट बरी वाटत नाही" एवढेच सांगितले तर पलीकडून "बरं, बघतो" येते आणि झोप पुढे चालू राहते. त्याऐवजी असे सांगावे: "सर, सात नंबर, प्रसूतीला एक तास झाला. नाडी ८८ वरून ११८, रक्तदाब ११०/७०, गर्भाशय मऊ, दोन पॅड पूर्ण भिजले. आधीचे हिमोग्लोबिन साडेसात आहे. मला हा रक्तस्राव वाटतो. ऑक्सिटोसिन चालू केले आहे, रक्तगटासाठी नमुना पाठवला आहे. आपण आत्ता यावे." या बोलण्यात उद्धटपणा कोठेही नाही आणि टाळायला जागाही नाही. नव्या मुलींकडून हे वाक्य वर्गात मोठ्याने म्हणवून घ्यायला हवे, कारण पहिल्यांदा म्हणताना जीभ अडखळते ती भीतीने. ज्या डॉक्टरांना असा फोन येतो त्यांनी, तपासणीअंती काही निघाले नाही तरी, "बरे केले सिस्टर, बोलावले ते" एवढे म्हणावे. त्या चार शब्दांवर पुढच्या रात्रीचा फोन अवलंबून असतो.

येत्या हंगामात टोळ्या पुन्हा निघतील. मुकादमाचा ट्रॅक्टर गावात लागण्याआधीचे आठ-दहा दिवस उपकेंद्रासाठी मोलाचे असतात. जी गरोदर आहे तिचे माता व बाल संरक्षण कार्ड त्या दिवसांत पूर्ण भरून व्हावे: हिमोग्लोबिन तारखेसह, रक्तदाब, रक्तगट, आधीच्या बाळंतपणात काय झाले होते ते, आणि कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्राचे नाव. अक्षर असे हवे की कोल्हापूरच्या किंवा बेळगावच्या परिचारिकेला ते रात्री, विजेरीच्या उजेडातही वाचता यावे. ही कार्डे बहुधा घरच्या पत्र्याच्या पेटीत, म्हाताऱ्या सासूच्या ताब्यात राहून जातात. म्हणून शेवटी तिच्या हाती कार्ड देऊन सांगावे लागते, "ताई, हे पेटीत ठेवू नका. भाकरीच्या पिठाच्या बोचक्यात बांधा. ते बोचकं तुम्ही कुठं विसरणार नाही."